यादी, खडू आणि आईच्या गप्पा

पोलिओच्या रविवारी बूथ आटोपला की मुरुम गावच्या गल्ल्यांतून दारोदार फेरी सुरू होते. आशाताईंकडे लसीचा डबा, मदतीला आलेल्या कॉलेजकन्येकडे यादी आणि खडू. तिच्यासोबत आलेल्या आईकडे मात्र कागदोपत्री काहीच नसतं. आशाताई दोन घरं पुढं गेलेल्या आणि आई अजून पहिल्याच ओट्यावर.

"अव्वा, चल की! आख्खी गल्ली राहिलीय."

"थांब गं. त्यांच्या सुनंला दिवस गेल्यात, इचारू तर दे."

लेकीचा हिशोब सरळ आहे. डाव्या करंगळीवरची शाई बघायची, घरातली सगळी लहान पोरं झाली असतील तर दारावर 'पी', एखादं राहिलं तर 'एक्स', की पुढचं दार. यात सुनेचे डोहाळे कुठं बसवायचे? पण त्या डोहाळ्यांतूनच निघतं, की शेजारच्यांची लेक परवाच पुण्याहून माहेरी आलीय, तान्ह्याला घेऊन. यादीत हे बाळ असणार कसं? तिथल्या दारावर मघाशीच ऐटीत काढलेला 'पी' लेक ओढणीनं पुसते आणि 'एक्स' लिहिते. आई चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न करते. जमत नाही.

देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. शेजारच्या देशांत विषाणू अजून आहे, म्हणून थेंब चालू आहेत. आईच्या गप्पांना तेवढंही कारण लागत नाही.

खरं तर या गप्पांना एकदा सरकारदरबारी मानाचं पान मिळालं होतं, तेही याच भागात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून गावं झोपलेली असताना, भूकंप झाला. पडलेली गावं नव्यानं वसवली. तडे गेलेली घरं मात्र घरमालकांनीच सरकारी मदतीतून मजबूत करायची होती. कागदावर सोपं. मग 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. जाड दगडमातीच्या भिंतीत आरपार दगड कशाला हवा, हे इंजिनिअरच्या नकाशातून चुलीपर्यंत त्यांनी पोचवलं. 2001 च्या भूकंपानंतर इथल्या बायका कच्छलाही जाऊन आल्या. तिथं भाषेचं कसं जमलं, हा प्रश्न बहुधा पुरुषांनाच पडत असावा.

घरी या मायलेकींचं झाडू कुणी मारायचा यावरूनही पटत नाही. गल्लीत वेगळाच कारभार. दुसऱ्या दिवशी 'एक्स'वाल्या घरांची फेरी निघते. एक आजोबा, "आमच्या नातवाला लस मानवत नाही," म्हणत दार ओढून घेतात. लेक यादीकडं बघते, दाराकडं बघते आणि ओटा हातानं झाडून देते.

"अव्वा, तू बस हितं निवांत. मी फुडची घरं करून येते."