घाटावरचा तांडेल

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारं पाणी मात्र आहे. लोणारला उल्का आदळून झालेल्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात एक तळं आहे, आणि 2020 च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झालं तेव्हा साऱ्या देशाला ते ठाऊक झालं. दुसरा समुद्र आम्ही अक्षय तृतीयेला भेंडवळच्या शेतात मांडतो. तिथल्या घटमांडणीत ढेकळांवर ठेवलेली पाण्याची घागर म्हणजे समुद्र आणि तिच्यावरची पुरी म्हणजे पृथ्वी. एवढ्या दोन समुद्रांच्या अनुभवावर आमच्याकडचा माणूस आता क्रूझचं तिकीट काढतो. आणि तिकीट काढलं, की त्याच संध्याकाळी, बायकोला तारीख सांगायच्याही आधी, तो ग्रुप काढतो.

त्याला आपण भाऊ म्हणू. हा भाऊ बहुधा पंचायत समितीतून निवृत्त झालेला विस्तार अधिकारी असतो. उभी नोकरी जनगणना, पशुगणना, मतदार याद्या आणि संडासांचं सर्वेक्षण करण्यात गेल्यामुळे माणूस दिसला की त्याला आधी रकाना दिसतो. निवृत्तीनंतर याद्या थांबल्या आणि भाऊंना झोप येईना. व्हॉट्सॲपने 2022 मध्ये ग्रुपची मर्यादा 256 वरून आधी 512 आणि मग 1024 केली, ती अशाच कुणाची दया येऊन केली असावी.

जहाजांचा इतिहास भाऊंना पाठ. 2018 मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, 2021 मध्ये कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ आलं, ते मूळ 1990 सालचं, दीड हजारावर माणूस मावतं, हे सगळं ते पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाकतात. पण खरा रस जहाजात नाही, त्या दीड हजारात. आपल्या तारखेला आणखी कोण कोण आहे? परदेशातल्या क्रूझवर जाणाऱ्यांमध्ये ही रीत जुनीच आहे म्हणतात. एकाच फेरीचे प्रवासी महिनोन्‌महिने आधी आपसांत हजेरी लावतात, आणि जहाज सुटलं की ठरल्या वेळी एखाद्या डेकवर चहाला जमतात. तिथे मात्र माणूस आपलं नाव, गाव आणि खोली सांगून मोकळा होतो. आमच्याकडे नाव-गाव ही नुसती प्रस्तावना.

भाऊ तिकीट काढणाऱ्या एजंटाकडे ‘जरा पाहू द्या फक्त’ म्हणून यादी मागतात आणि मोबाइलमध्ये फोटो काढून आणतात. मग फोन सुरू. ‘हॅलो, जय गजानन. तुम्ही आमच्या बोटीत आहा ना?’ समोरचा ठाण्याचा असतो. त्याला वाटतं, आपलं बुकिंग रद्द झालं. भाऊ त्याला धीर देतात आणि मग मुख्य प्रश्न विचारतात, ‘मूळचे कुठले?’

या प्रश्नातून आजवर कुणी सुटलेलं नाही. भाऊंच्या यादीत अनुक्रमांक, नाव, वय, रक्तगट, केबिन, जेवण असे रकाने असतात, पण सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘घाटावर की घाटाखाली’. जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगायला हवं, की आमचे तेरा तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन संस्कृतींत विभागले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखालचे. लग्न जमवताना, निवडणुकीला माणूस उभा करताना आणि रुग्णालय कुठे व्हावं यावर भांडताना हा भेद लागतो. अरबी समुद्रात तो कशाला लागेल, असं मी विचारलं होतं. ‘टेबलं लावताना लागते ना,’ भाऊ म्हणाले.

ठाण्याच्याच एका बाईंच्या आजीचं माहेर चिखलीचं निघालं. झाल्या त्या घाटावरच्या. बोरिवलीच्या गुजराती कुटुंबाचं काय करायचं हा पेच आठवडाभर होता. अखेर त्यांच्या देव्हाऱ्यातली चांदीची समई खामगावच्या सराफाकडची आहे असं कळलं, आणि रजतनगरीच्या नात्याने अख्खं कुटुंब घाटाखाली उतरलं. ‘आपले सोयरेच निघाले ना मंग!’ भाऊंनी जाहीर केलं. त्यावर बोरिवलीहून हात जोडलेली सात चिन्हं आली. ती विनंतीची होती की नमस्काराची, हे कुणी विचारलं नाही.

जहाज सुटायला दोन महिने होते तेव्हाच ग्रुपला नियमावली लागली. सुप्रभात नऊच्या आत. राजकारण नाही. फॉरवर्ड फक्त समुद्राशी संबंधित. हा शेवटचा नियम घात करून गेला. एकाने टायटॅनिकचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्याने, समुद्राशी संबंधितच आहे म्हणून, 1947 साली रेवसच्या वाटेवर बुडालेल्या रामदास बोटीची सविस्तर माहिती टाकली. तासभर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मग लोणारच्या एका काकूंनी विचारलं, ‘तिकिटाचे पैसे वापस मिळतात काय?’ भाऊंनी तातडीने घटमांडणीचा दाखला दिला. यंदा घागरीतलं पाणी शाबूत होतं, म्हणजे समुद्र शांत. भेंडवळचं भाकीत मुख्यतः पाऊस, पीक आणि राजाची गादी यांचं असतं हे मला माहीत होतं, पण त्या रात्री ते बोलणं कोणत्याही हवामान खात्यापेक्षा कामाला आलं.

मळमळीची मोहीम याहून शास्त्रशुद्ध होती. ‘राजूर घाटात ज्यांना उलटी होते त्यांनी नावे द्यावीत,’ असा संदेश आला. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या त्या वळणांची परीक्षा जिल्ह्यात सगळ्यांनीच दिलेली असल्यामुळे दोन मिनिटांत यादी तयार झाली. नापास झालेल्यांना जहाजात मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यायला सांगण्यात आलं, कारण तिथे हेलकावा कमी लागतो. हा सल्ला अगदी बरोबर आहे. भाऊंचे बरेच सल्ले बरोबर असतात, आणि त्यामुळेच त्यांच्यावर नीट रागावता येत नाही.

जेवणाचा प्रश्न मात्र चिघळला. बाहेरचे पदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, हे भाऊंनी तीनदा लिहिलं. तरी शेगावची कचोरी ‘पदार्थ’ धरायची की ‘प्रसाद’, यावर दोन दिवस खल झाला. मेहकरच्या एकांनी रोडग्यांचा बेत मांडला. गोवऱ्या कुठे पेटवायच्या, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, वर गच्ची आहे ना. जहाजाच्या गच्चीवर पोहण्याचा हौद असतो हे समजल्यावर ते जरा नाराज झाले, पण खारोड्या आणि ठेचा बॅगेत औषधांखाली ठेवायचं त्यांनी मनाशी ठरवलंच.

पूर्वी ओळख व्हायची ती गाडी सुटल्यावर. बुलढाणा शहरात रेल्वे नाही, म्हणून मलकापूरला उतरायचं, विदर्भ एक्सप्रेस धरायची. भुसावळ येईपर्यंत समोरच्याचं गाव कळायचं, मनमाडपर्यंत त्याचे सोयरे, आणि कसाऱ्याचा घाट उतरताना त्याच्या पोटाचं दुखणं. भाऊच्या धक्क्यावरून गोव्याची आगबोट जायची तेव्हा कोकणी माणसाचंही असंच चालायचं म्हणे. डेकवर वळकटी पसरली की शेजार झाला. गोष्टी प्रवासाला पुरतील एवढ्या असायच्या आणि उतरताना संपायच्या. भाऊंच्या ग्रुपात त्या आधीच संपल्या. कुणाच्या मुलाचं पुण्यात कुठल्या कंपनीत जमलं, कुणाच्या सोयाबीनला काय भाव लागला, कुणाचा गुडघा कोणत्या डॉक्टरने बदलला, हे सगळं जहाजाने नांगर उचलायच्या आत सर्वांना तोंडपाठ होतं. एका वधूचं आणि एका वराचं स्थळही सुचवून झालं होतं, आणि पत्रिका जुळत नाही म्हणून मोडूनही झालं होतं. दोन्ही कुटुंबं एकाच डेकवर, समोरासमोरच्या केबिनीत येणार होती, ही त्यातली नाजूक बाब.

मुंबईच्या बंदरात पोचलो तर माणसं ओळखू येईनात. ग्रुपवर निम्म्यांच्या फोटोच्या जागी शेगावचे गजानन महाराज. उरलेल्यांत नातवंडं, गुलाबाचं फूल, आणि एकाचा ट्रॅक्टर. भाऊ यादीची झेरॉक्स घेऊन रांगेत फिरत होते आणि दिसेल त्याला ‘केबिन किती?’ विचारत होते. दोन जणांनी त्यांना कर्मचारी समजून बॅगा दिल्या. भाऊंनी त्या नेऊनही ठेवल्या. सवय हो, निवडणुकीच्या पेट्या वाहिलेल्या.

सुटण्याआधी जहाजावर सगळ्यांची सुरक्षेची कवायत होते. भोंगा वाजतो, आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते पाहायचं. आमचा ग्रुप प्रथमच सदेह एकत्र आला तो तिथे. दोन महिने ‘वहिनी, रेसिपी टाका’ म्हणणारी माणसं एकमेकांकडे बघून नुसती हसली. भाऊंनी ओळखपरेड सुरू केली, पण ज्याचं नाव घ्यावं त्याचं सगळं सगळ्यांना ठाऊक. ‘हे आपले नांदुऱ्याचे...’ म्हणताच चारजण म्हणाले, ‘हो, बायपासवाले.’ ते पत्त्यातल्या बायपासबद्दल नव्हतं, हृदयाच्या बायपासबद्दल होतं. बिचाऱ्यांना स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

मग किनारा मागे पडला आणि रेंज गेली.

जहाजावर वायफाय मिळतं, पण त्याचे पैसे ऐकून ग्रुपने एकमुखाने मौन पत्करलं. भाऊंची अवस्था पाहवेना. रात्रीच्या जेवणाला कोण कुठे बसलंय, कुणाला मळमळतंय, कुणी ठेचा काढला, काही कळायला मार्ग नाही. फोन उंच धरून ते डेकवर इकडून तिकडे जात होते. बाजूला अरबी समुद्र होता, त्यावर चांदणं होतं, आणि भाऊ एका दांडीच्या शोधात होते. मी म्हटलं, ‘भाऊ, ते बघा ठाण्याच्या बाई बसल्यात, जाऊन बोला की.’ गेले. ‘जेवल्या काय?’ ‘हो.’ ‘बरं बरं.’ परत आले. म्हणाले, ‘चांगल्या आहेत बाई. ग्रुपवर जास्त बोलतात.’

बाकीच्यांनी मात्र स्वतःची सोय करून घेतली. मेहकरवाल्यांनी एका तामिळ कुटुंबाबरोबर हिंदीत पत्त्यांचा डाव मांडला. ओळख ना पाळख, त्यामुळे गप्पांना अंत नव्हता. स्थळ मोडलेली दोन कुटुंबं तर समोरासमोरच्या दारांतून रोज एकमेकांना टाळता टाळता शेवटी एकत्र चहाला बसली. भाऊ यादी घेऊन शेजारच्या टेबलावर होते.

दुसऱ्या दिवशी गोव्याचा किनारा जवळ आला आणि सगळ्यांच्या खिशात एकाच वेळी घणघणाट झाला. रात्रीपासून अडकलेले संदेश सुटले होते. ‘कुठे आहात?’ ‘बुफेकडे.’ ‘बुफे कुठे आहे?’ ‘भाऊ, कमोड चालत नाही.’ ‘जय गजानन.’ कठड्याला खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं रात्रीच्या प्रश्नांना उत्तरं टाइप करू लागली. पणजी मागे की पुढे हेही कुणी पाहिलं नाही. भाऊंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा प्रवासाला निघाल्यासारखा आनंद दिसला.

परतताना उतरायच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. हातात छोटी बॅग, गळ्यात दुर्बीण, उन्हाने नाक सोललेलं. सहज विचारलं तर बुलढाण्याचेच. त्यातही भाऊंच्या पलीकडच्या गल्लीतले. तिन्ही दिवस बहुतेक डेकवर होते, डॉल्फिन दोनदा दिसले म्हणाले. भाऊंना डॉल्फिनचं काही नव्हतं. एजंटाच्या यादीतून एक नाव निसटलंच कसं, या विचाराने त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी तिथल्या तिथे नंबर घेतला, ग्रुपमध्ये जोडला, झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले आणि रक्तगट विचारला.

‘पण भाऊ, सहल तर झाली ना?’ ते गृहस्थ म्हणाले.

‘झाली तर झाली. जेवण कोणतं लिहू, व्हेज?’