गणपतीच्या आत

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरातल्या सगळ्यांना मतं फुटतात. ज्यांनी जन्मात चहाशिवाय काही उकळलं नाही, ते बर्नर तीन हवेत की चार यावर तासभर बोलतात. मग कंत्राटदार येतो, जुन्या ओट्यावर टिचकी मारतो आणि विचारतो, "हे काम कोणी केलंय?" आधीच्याची अक्कल काढल्याशिवाय या धंद्यात मेजरटेप उघडत नाहीत.

दर रनिंग फुटाचा. त्यात काय येतं हे विचारणं असभ्यपणाचं. चॅनेल, बिजागऱ्या, हँडल, डेब्रिज उचलणं, सगळं एक्स्ट्रा. प्लाय मात्र 'एक नंबर वॉटरप्रूफ'. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, साध्या प्लायवर ३०३. तो बघायला जावं, तर वर लॅमिनेट चढलेलं असतं. पक्कं बिल मागितलं की साहेबांचा चेहरा पडतो: "मग १८ टक्के वर लागतील." जणू जीएसटी हा आपला खासगी षौक!

ओट्याची उंची ठरवताना पोळ्या लाटणारीची उंची कोणी विचारत नाही. "सगळीकडे एवढीच असते, ताई." पाठ दुखली तर फिजिओथेरपिस्ट आहेतच, तेही एक्स्ट्रा.

तारीख तेवढी तो बिनशर्त देतो: गणपतीच्या आत. निम्मा अ‍ॅडव्हान्स मिळाला की त्याचा सुतार गावी जातो. गणपती भाद्रपदातले की माघातले, हे कोटेशनमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं.