मानधन-स्मरणशास्त्र : एक अल्पविवेचन

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर घातली. एवढ्या व्यासंगाने ऱ्हस्व-दीर्घाचा निकाल लागला. झालेल्या कामाचे पैसे कसे मागावेत, हा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला. घरबसल्या मुद्रितशोधन, संपादन, अनुवाद करणाऱ्या वर्गाचे बरेचसे भाषाकौशल्य याच लेखनप्रकारात खर्ची पडते. सबब प्रस्तुत प्रपंच.

१. कालनिर्णय

सोमवारी सकाळी साहेब मीटिंगमध्ये असतात. शुक्रवारी संध्याकाळी अकाउंट्सवाले निघालेले असतात. मार्चमध्ये मार्च-एंड असतो आणि एप्रिलमध्ये तेच बिल ‘मागच्या वर्षातलं’ ठरते. दिवाळी अंकाचे काम गणपतीत येते आणि आजच्या आज हवे असते. मानधनाची चौकशी दिवाळीत केली तर अंक अजून स्टॉलवर असतो, संक्रांतीला केली तर जाहिरातींचे पैसे यायचे असतात. मंगळवारी दुपारी तीन ते चार हाच काय तो निर्दोष मुहूर्त होय. त्या वेळी समोरचा जेवून बसलेला असतो.

२. संदेशरचना

प्रचलित नमुना असा : ‘नमस्कार सर, बरे आहात ना? पुस्तक छान झालंय. सहजच आठवलं... ते जूनचं बिल. घाई नाही, सवडीने बघा.’

भाष्य. ‘पुस्तक छान झालंय’ असे म्हणणाऱ्यानेच त्याची तीनशे पाने ओळ न् ओळ दुरुस्त केली आहेत, हे उभय पक्षांस ठाऊक असते. सभ्यतेखातर दोघेही ते बोलत नाहीत. टिंबे तीनच. दोन दिल्यास टायपिंगची चूक वाटते, चार दिल्यास अजिजी. बिल मात्र पाहुण्यांसमोर यायला लाजणाऱ्या पोरासारखे दाराआड उभे. ‘घाई नाही’ हे सर्वांत घातक. मागणी पुरती मांडून व्हायच्या आत ते ती मागे घेते. दुसऱ्याच्या लेखात असे वाक्य दिसले की हाच संपादक त्यावर बिनदिक्कत काट मारतो.

३. उत्तरांचे वर्गीकरण

(अ) अंगठावर्ग : नुसता अंगठा येतो. त्याचा अर्थ ‘वाचले’ एवढाच. ‘देतो’ असा घेऊ नये.

(आ) पुनरुक्तिवर्ग : ‘बिल पुन्हा पाठवाल का?’ हे तिसऱ्यांदा विचारले जाते.

(इ) प्रवासवर्ग : सही करणारे गावाला गेलेले असतात. सही करणाऱ्यांची गावे फार लांब असावीत.

(ई) कर्मणिवर्ग : ‘पेमेंट प्रोसेसला टाकलं आहे.’ कर्ता अध्याहृत. कोणी टाकले, कुठे टाकले, याचा थांगपत्ता व्याकरणालाही लागत नाही.

४. साधनविचार

स्पेलचेकला ‘मानधन’ शब्द शुद्ध आढळतो. ते जमा झाले की नाही, हे त्याच्या कक्षेबाहेरचे. चॅटजीपीटीला स्मरणपत्र लिहायला सांगावे, तर आभार इतके मानले जातात की पैसे मिळून गेले असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. खरे उपयोगी साधन म्हणजे चार रकान्यांची एक्सेल शीट : काम पाठवल्याची तारीख, बिलाची तारीख, रक्कम, जमा. चौथा रकाना अरुंद ठेवला तरी चालतो.

५. राजशासन

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. मुदत लेखी ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चढणारे चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाला उलाढालीची मर्यादा १० कोटी रुपयांची आहे. ती कोणा मुद्रितशोधकाला जाचल्याचे ऐकिवात नाही. इतके असूनही कायद्याचे कलम संदेशात घालायला हात धजत नाही, कारण पुढचे पुस्तकही त्याच प्रकाशकाकडून यायचे असते.

६. सिद्धांत

संकोचाने शब्द वाढतात आणि शब्द वाढले की मागणी बुडते. म्हणून दर, मुदत आणि बिल कधी द्यायचे, या तीन गोष्टी काम हाती घेण्याआधी मेलवर लिहून घ्याव्यात. मुदत टळली की स्मरणपत्र दोन ओळींचे पाठवावे : पहिलीत बिलाचा क्रमांक व रक्कम, दुसरीत देय तारीख. तिसरी ओळ सुचलीच, तर तिचे काय करायचे हे संपादकाला शिकवायला नको.