कंटेंट सेम आहे, काका

डॉक्टरांच्या अक्षराची थट्टा हा आपल्याकडचा सर्वांत निर्धोक विनोद. त्यावर व्याही-व्याही एकत्र हसतात, खुद्द डॉक्टरही हसतात. न्यायालयांनी मात्र तो मनावर घेतला. २०१८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जखमांचे अहवाल वाचता येत नाहीत म्हणून तीन डॉक्टरांना प्रत्येकी ५,००० रुपये दंड केला आणि तो न्यायालयाच्या ग्रंथालयासाठी भरायला लावला. तिथले तरी काही वाचता यावे, हा हेतू असावा. २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येणारी चिठ्ठी हा मूलभूत हक्काचाच भाग ठरवला आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात सुवाच्य अक्षराकडेही लक्ष द्यायला सांगितले. म्हणजे 'नीट'मध्ये ७२०पैकी ७०० मिळवलेले पोर आता पहिल्या सत्रात चौरेघी वहीत कित्ता गिरवणार आणि बाबा हॉस्टेलवर फोन करून विचारणार, "जीची शेपटी रेघेखाली नेतोस ना रे?"

नियम तर आधीपासून आहेतच. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने फर्मावले होते, की औषधाचे जेनेरिक नाव लिहा, सुवाच्य लिहा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी कडक नियमावली काढली आणि २३ ऑगस्टला स्थगित केली. बरे वाटले म्हणून कोर्स मध्येच सोडू नका, असे आपल्याला बजावणाऱ्यांनी स्वतःचा कोर्स तीन आठवड्यांत आवरला.

माझे दुखणे वेगळे आहे. अक्षर मोत्यासारखे असले, तरी नावांचे काय करायचे? सर्वोच्च न्यायालयात २००१ साली एक खटला निकाली निघाला. फॅल्सिगो आणि फॅल्सिटॅब ही दोन औषधे, दोन्ही मलेरियावरची, पण एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. भांडणाऱ्या कंपन्या कोण? कॅडिला हेल्थकेअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स! नावांत साम्य नको, हे एका कॅडिलाने दुसऱ्या कॅडिलाला सांगायचे आणि न्यायमूर्तींनी गंभीर चेहऱ्याने ऐकायचे. न्यायालयाने मात्र शहाणपणाची गोष्ट सांगितली. औषधाच्या नावाचा घोटाळा जिवाशी येतो आणि डॉक्टर, फार्मासिस्ट यांचीही चूक होऊ शकते. तेव्हा नव्या नावाला परवानगी देण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाचा अधिकृत शोध अहवाल मागावा.

सरकारने यावर विचार केला. अठरा वर्षे केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये नियम आला, तो असा : कंपनीने फॉर्म ५१ भरून स्वतःच हमी द्यायची, की आम्ही ट्रेडमार्कची नोंद, पुस्तके, इंटरनेट सगळे धुंडाळले, आमच्यासारखे नाव कुठेही सापडले नाही. परीक्षेत कॉपी केली नाही, हे विद्यार्थ्यानेच लिहून द्यायचे आणि सुपरवायझरने चहाला जायचे, त्यातला हा प्रकार.

मग ते नाव मेडिकलच्या काउंटरवर येते. भिंतीवर फार्मासिस्टचे सर्टिफिकेट, फार्मासिस्ट गावाला, काउंटरवर भाचा. तो चिठ्ठी उजेडात धरतो, आत जातो, भलतेच पाकीट घेऊन येतो आणि म्हणतो, "ही कंपनी नाही, पण कंटेंट सेम आहे, काका." शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाच्या जागी दुसरे औषध, अगदी कंटेंट सेम असला तरी, परस्पर देता येत नाही, असा औषध नियम आहे. तो भाच्याला कोणी सांगितलेला नसतो. काकांनाही नसतो.

आकड्यांकडे तर कोणाचे लक्षच नसते. ०.५ मिलिग्रॅम लिहिताना पुढचे शून्य गाळले आणि टिंब पुसट उमटले, की अर्ध्याचे पाच. १.० लिहून मागे नसते शून्य लावले, की एकाचे दहा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसता इंग्रजी 'यू' काढला, की तो शून्य भासून चाराचे चाळीस होतात. त्यात आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे, पेनातले १०० युनिटचे. लाल टोपणाची सिरिंज ४०ची, केशरी टोपणाची १००ची. शंभरचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने त्या आकड्याइतके घेतले, तर डोस अडीचपट.

आणि मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. १-०-१ची सवय झालेल्या घरात ते रोज घेतले जाते, रक्तपेशी तयार होणे मंदावते, तोंडात फोड येतात आणि माणूस दगावतो. यावर उतारा फुकट आहे : चिठ्ठीत वार लिहायचा. 'दर सोमवारी.'

संगणकावर छापलेल्या चिठ्ठीने सगळे मिटेल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा संगणकातली औषधांची यादी उघडून पाहावी. पहिली तीन अक्षरे टाइप केली की एकाखाली एक दहा भावंडे उभी राहतात. बोट एक ओळ खाली सरकले की चूक होतेच, फक्त छापील आणि सुंदर होते; वर ती कोणी तपासत नाही.

म्हणून माझी मागणी माफक आहे. प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे, तो एक शब्द मराठीत लिहा : बीपी, थायरॉईड, खाज. 'खाज' लिहिलेल्या ओळीसमोर झोपेची गोळी आली, तर भाचा थबकेल. तो नाही थबकला, तर घरची आजी थबकेल. डॉक्टर म्हणतात, कागदावर जागा नाही. बरोबर आहे. वर पदव्या, त्याखाली तीन दवाखान्यांच्या वेळा, डावीकडे लॅबची जाहिरात, तळाशी मेडिकलचा पत्ता. मधल्या चार बोटांत सात औषधे दाटीवाटीने राहतात. जागा करायची, तर 'रविवारी दवाखाना बंद' ही सूचना तेवढी काढावी लागेल. पण ती लाल शाईत, ठळक, कॅपिटल अक्षरांत असते आणि आजवर कोणीही ती चुकीची वाचलेली नाही.