किल्ली बाईंकडे आहे

शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी माझ्याकडे आली ती माझ्या वाचनामुळे नव्हे. स्टाफरूममध्ये मी पुस्तकांच्या कपाटाला लागून बसत होते, एवढंच. मुख्याध्यापक आत आले, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तशाही तिथंच बसता." अर्धवेळ ग्रंथपालाचं पद आमच्याकडे मंजूर होतं आणि रिक्त होतं. सबब मी पाववेळ ग्रंथपाल झाले.

कपाट लोखंडी, दारांना काच. काच अशासाठी की मुलांना पुस्तकं दिसावीत. पण माझ्या आधीच्या कुणा नीटनेटक्या माणसानं झाडून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होती आणि वर फक्त दाखल क्रमांक टाकला होता. त्यामुळे काचेतून दिसायची ती पोलीस परेड. फास्टर फेणे आणि कुठल्याशा पतपेढीचा वार्षिक अहवाल एकाच गणवेशात शेजारी शेजारी उभे. मुलं काचेला नाक लावून विचारायची, "बाई, ते देता?" "कुठलं?" "ते… खाकी."

खालच्या दोन फळ्यांवर पुस्तकं नव्हती. तिथं एक टू-इन-वन, दक्षिण ध्रुवापाशी पोचा आलेला पृथ्वीगोल, सील न फोडलेल्या सीडींचा संच आणि चार्जर हरवलेले दोन टॅब होते. शाळेच्या भाषेत याला डेडस्टॉक म्हणतात. हा शब्द ज्यानं शाळांसाठी निवडला त्याला भविष्य दिसत असावं. यातली प्रत्येक वस्तू आली तेव्हा नारळ फुटला होता, पाहुण्यांचं भाषण झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी 'मुलं मोडतील' म्हणून ती कपाटात गेली होती. पूर्वी पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे तेव्हा आमचा टीव्ही कुलपातून बाहेर काढून, अँटेना फिरवून, चित्र दिसेपर्यंत निवेदिका नमस्कार करून निरोप घेत असे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना ती फक्त निरोप घेण्यापुरतीच ठाऊक आहे.

वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास होता, शुक्रवारी सहावा. तो गणिताचे सर घेत. त्यांचा अभ्यासक्रम जूनपासूनच मागे असायचा. मी एकदा कुरकुर केली आणि त्यांना रंगनाथन ऐकवले. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचेच प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या सामसुमीला कंटाळून 'मला परत वर्गावर पाठवा' म्हणू लागले. वरिष्ठ म्हणाले, आधी इंग्लंडला जाऊन काम पाहून या, मग बोलू. लंडनमध्ये एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ जोडून दाखवताना पाहिला. पट्ट्या त्याच, नट-बोल्ट तेच, पण जोडणी बदलली की वस्तू नवी. त्यांच्या डोक्यात आलं की विषयांचंही असंच सुटे भाग जोडून वर्गीकरण करता येईल. तिथून त्यांची कोलन पद्धत निघाली. १९३३ मध्ये ती छापून आली. म्हणजे एवढ्या मोठ्या ग्रंथपालाला पुस्तकांची मांडणी सुचली ती खेळण्यांच्या दुकानात!

"बघा," गणिताचे सर म्हणाले, "तास गणितवाल्याकडेच हवा."

रंगनाथनांची पाच सूत्रं १९३१ ची. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हे त्यातलं पहिलं. ग्रंथालय वाढतं असतं, हे पाचवं. आमच्या कपाटात वाढती होती ती वाळवी.

सुधारणा झाली ती माझ्या हातून, पण माझ्या कर्तृत्वानं नव्हे. माझ्याकडून किल्ली हरवली. शिपाईमामांनी दोन घावांत कुलूप तोडलं. नव्या कुलपासाठी तीन दरपत्रकं हवीत, असं कार्यालयानं सांगितलं. गावात कुलपाचं दुकान एक. उरलेली दोन दरपत्रकं तालुक्याहून येईपर्यंत अडीच महिने गेले आणि ते अडीच महिने कपाट उघडं राहिलं.

पहिल्या आठवड्यात खाकी कव्हरं गेली. आत काय आहे ते बघायला मुलांनी ती सोडवली आणि परत घालता येईनात. मी म्हटलं, मग ज्यानं वाचलं त्यानं नवं कव्हर काढायचं. परीक्षण लिहा म्हटलं असतं तर सगळ्यांनी 'हे पुस्तक मला खूप आवडले' एवढंच लिहिलं असतं. चित्रात तसं खपत नाही. एकीनं राजपुत्राच्या गोष्टीवर राजपुत्र न काढता नुसता घोडाच काढला. का, तर "सगळं काम त्यानंच केलं, बाई."

मग कुणीतरी टू-इन-वनमध्ये सेल घातले आणि लाल बटण दाबलं की आवाज भरला जातो हा शोध लागला. आमच्याकडे सातवीत एक मुलगा होता. वाचायला उभा केला की घाम फुटायचा; दोन ओळी म्हणून झाल्या की पाणी प्यायला परवानगी मागायचा. गोष्ट रेकॉर्ड करायचं ठरलं तेव्हा त्यानं आपण होऊन आवाजांचं खातं घेतलं. सुपात तांदूळ घोळले की पाऊस, करवंट्या बाकावर आपटल्या की घोडा, पत्रा हलवला की वीज. पण घोडा नेमका कुठल्या वाक्याला येतो हे कळायला पान समोर लागतं. त्याच्या करवंट्या दोनदा चुकल्या, मुली ओरडल्या, आणि तो ते पान घरी घेऊन गेला. सोमवारी त्याला सगळी गोष्ट पाठ होती, दाणादाण उडालेल्या शत्रूसकट. मी त्याला वाचायला लावलं नव्हतं. घोडा वेळेवर यावा म्हणून तो वाचत होता.

तंत्राचा मला फार पुळका आहे असं नाही. पाठ्यपुस्तकांवर आता क्यूआर कोड असतात, फोन धरला की चित्रफीत सुरू होते. चांगली सोय आहे. पण मुलानं नुसतं बघतच राहायचं असेल तर तीही काचेचीच दारं, फक्त खिशात मावणारी.

अडीच महिन्यांनी कुलूप आलं, पितळी आणि भक्कम. त्याची मी डेडस्टॉकला नोंद केली. ते खालच्या फळीवर, पृथ्वीगोलाशेजारी आहे.

त्यानंतर एका मुलीनं आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून आणल्या. टू-इन-वन तोवर खरोखरच डेड झाला होता, म्हणून मामाच्या फोनवर. मी वर्गात सांगितलं होतं की हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. मुलगी म्हणाली, "लाखात माझ्या आजीची नसेल तर?" तिनं ऐकून ऐकून एकेक ओवी वहीत उतरवली. कव्हरावर जातं काढलं आणि ते नीट दिसावं म्हणून आजी जात्यामागे लपवली.

वही ग्रंथालयात दाखल करायची ठरली. लेखकाच्या रकान्यात आजीचं नाव गेलं. प्रकाशक म्हणून मुलीनं स्वतःचं नाव घातलं, ते मी खोडलं नाही. गाडी अडली किमतीशी. "किंमत नसेल तर दाखल होणार नाही," आमचे लिपिक म्हणाले, "आणि दाखल झालं नाही तर पुढं निर्लेखन कसं करायचं?" पुस्तक जन्माला यायच्या आत ते त्याच्या दहाव्याच्या तयारीला लागले होते. शेवटी कोऱ्या वहीचे २० रुपये लिहिले.

चार दिवसांनी आजी स्वतः शाळेत आल्या. वही हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि घरी न्यायची म्हणाल्या.

"आजी, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई. शेजारणीला येतं."

देवघेवीच्या वहीत त्यांचा अंगठा घेतला, सात दिवसांत परत करायचं हे दोनदा बजावलं. तीन आठवडे झाले तरी वही येईना, म्हणून नातीबरोबर निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी उलट निरोप आला: "बाईंना म्हणावं, अजून ओव्या आठवाय लागल्यात. त्या लिहून झाल्या की देते."