पर्यायपंडित

लिनक्स ही लिनस तोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली लिहावयास घेतलेल्या गाभ्यावर उभी असलेली आणि कोणालाही मोफत वापरता व बदलता येणारी संगणकप्रणाली होय; तथापि प्रस्तुत विवेचनाचा विषय ती प्रणाली नसून, ती स्वतःच्या संगणकावर बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून इतरांच्या संगणकांकडे अनुकंपेने पाहू लागणारा गृहस्थ हा आहे. प्रत्येक सोसायटीत तो एक तरी असतोच, त्यामुळे त्याचा वेगळा परिचय करून देण्याचे कारण नाही.

विंडोजवरील एखाद्या प्रोग्रॅमचे नाव पुरते उच्चारले जाण्यापूर्वीच त्याच्या मुखातून ‘त्याला पर्याय आहे’ हे वाक्य बाहेर पडते. वर्ड म्हणावे तर लिब्रेऑफिस, फोटोशॉप म्हणावे तर गिम्प, पेजमेकर म्हणावे तर स्क्रायबस. नोटपॅडसारख्या निरुपद्रवी वस्तूलाही त्याच्यापाशी चार पर्याय असतात आणि त्या चारांत श्रेष्ठ कोणता याविषयी त्याचे स्वतःशीच तीव्र मतभेद असतात. व्हीएलसी हा चित्रफिती दाखवणारा प्रोग्रॅम दोन्हीकडे सारखाच चालतो, हे ज्या दिवशी कोणी त्याच्या आधी बोलून दाखवते, त्या दिवशी तो काहीसा हिरमुसतो. ही सवय संगणकापुरती राहती तरी चालले असते. परंतु शेजारच्या मुलीला स्थळाकडून नकार आल्याची बातमी जिन्यात कानावर पडताच त्याने तेच वाक्य उच्चारले आणि त्या कुटुंबाने त्यानंतर चार महिने जिना बदलला.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून मध्ये जो दुभाषी थर घालतात, त्याला वाइन म्हणतात, आणि हे नाव ‘वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर’ या वाक्याचे संक्षिप्त रूप आहे, ही व्युत्पत्ती सांगण्यापूर्वीच ‘थोडी वाइन घातली की हिशेब नीट चालतील’ असे आश्वासन पर्यायपंडिताने सोसायटीच्या खजिनदारांना दिले. खजिनदार माळकरी होते. त्याच सुमारास सभेची सूचना लिब्रेऑफिसमध्ये उघडली असता, मूळचा मंगल हा टंक, म्हणजे अक्षरांचा साचा, त्या संगणकावर नसल्यामुळे त्याच्या जागी दुसरा आला, अक्षरांची रुंदी बदलून ओळी खाली सरकल्या आणि अध्यक्षांची सही दुसऱ्या पानावर एकटीच जाऊन बसली. त्यावर ‘पीडीएफ करून पाठवत जा, त्याला पर्याय आहे’ असे सुचवण्यात आले. पर्यायालाही पर्याय असतो, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि तळमजल्यावरील निवृत्त शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप नव्या आवृत्तीच्या अटींत बसेना, तेव्हा भंगारवाल्याच्या आधी पर्यायपंडित तेथे पोहोचला. त्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट बसवले, यंत्र तरतरीत झाले, आणि बाईंच्या आठवणींची तीनशे पाने मात्र रोमन अक्षरांच्या भुशासारखी दिसू लागली. कारण ती युनिकोडपूर्व टंकात होती, ज्यात मराठी अक्षराकृती रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत, आणि तो टंक जुन्या विंडोजबरोबर पुसला गेला होता. बाई काहीच बोलल्या नाहीत. पर्यायपंडितही, बहुधा प्रथमच, काही बोलला नाही.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत. परंतु जुन्या टंकात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते, रफाराचे याच्या नेमके उलट असते, आणि त्यामुळे यंत्राच्या हातून जोडाक्षरांपाशी चुका राहतात. बाईंपाशी छापील प्रत होती. तेव्हापासून रात्री साडेदहानंतर तळमजल्यावर दिवा दिसतो, बाई प्रतीवर बोट ठेवून एकेक ओळ वाचतात, आणि हा गृहस्थ ‘निर्मिती’तली वेलांटी उचलून तिच्या अक्षरापाशी ठेवतो, मध्येच बाई ‘थांब, हे वाक्य तेव्हाच चुकलं होतं’ म्हणतात आणि ते तसेच ठेवावे की सुधारावे यावर दोघांचे बराच वेळ एकमत होत नाही. परवापर्यंत एकशे बारावे पान झाले होते.