कपाटाचा पाय

"काय गं, आज पुन्हा उशीर? दिवेलागण होऊन गेली."

"वीस तारीख तोंडावर आलीय ना, काकू! जीएसटीची रिटर्नं. आणि आमचे कॉम्प्युटर असे, की एक व्हाउचर टाकायचं, चहा पिऊन यायचं, तेव्हा कुठे ते सेव्ह व्हायचं. पण सापडलं हो कारण! जरा चार काड्या कढीपत्ता द्या, सांगते."

"घे तोडून. पण सगळं सांगायचं हं, मधलं गाळायचं नाही."

"आमचं ऑफिस ते केवढं! पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर. टॅलीचा सगळा डेटा एका कॉम्प्युटरवर. त्याला आम्ही मानानं सर्व्हर म्हणतो, आहे साधाच. बाकीचे चौघे त्याच्यातला डेटा वायरीतून उघडतात. रंगकाम झालं आणि तेव्हापासून सगळं रखडायला लागलं."

"मग तुमचा तो नेहमीचा माणूस?"

"आला ना. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, फॉरमॅट मारू. एकाला मारला. फरक शून्य! मग म्हणे, मशिनी जुन्या झाल्या, पाचही बदला. कोटेशनच ठेवलं टेबलावर. साहेबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही."

"इंटरनेटवाल्यालाही शिव्या घातल्या असतील."

"घातल्या की! त्यानं बिचाऱ्यानं स्पीड मोजून दाखवला, पूर्ण येत होता. अहो, आमचा टॅलीचा डेटा ऑफिसातल्या ऑफिसात फिरतो, त्याचा बाहेरच्या इंटरनेटशी काय संबंध? पण सगळ्यांचं आपलं एकच, नेट स्लो, नेट स्लो. शेवटी प्रिंटर दुरुस्तीला येतो ना, तो पोरगा आला. त्यानं कशालाच हात लावला नाही. नुसते प्रश्न. सगळे मंद की एकच? टॅलीच मंद की सगळंच? कधीपासून? दिवसभर की ठरावीक वेळी?"

"डॉक्टर लागून गेला!"

"तसंच. मग सर्व्हरवर बसून त्यानं टॅली उघडली, तर काय पळते! म्हणजे ते मशीन ठणठणीत. रडतात ते वायरीतून येणारे चौघे. आणि चौघांच्या वाटेत सामाईक काय, तर सर्व्हरपासून स्विचच्या डबीपर्यंतची एकच वायर. मग दुसऱ्या मशीनवर ती काळी खिडकी उघडून पिंग केलं. राउटरकडून उत्तर झटकन. सर्व्हरला विचारलं तर चार वेळा नीट आणि पाचव्याला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'."

"हे मराठीत सांग."

"पाकीट वाटेत हरवलं. हरवलं की पुन्हा पाठवायचं. तुमच्या कुकरची शिट्टी चालू असताना मी इथून बोलते, तसं दर वाक्य दोनदा."

"आणि वायरीला झालं काय होतं?"

"रंगवाल्यांनी लोखंडी कपाट सरकवलं, त्याचा पाय बरोबर वायरीवर! त्या वायरीत आठ बारीक तारा असतात, म्हणजे चार जोड्या. हजार एमबीपीएसला चारही लागतात, शंभरला दोन पुरतात. म्हणून वायर पुरती मेली नाही. कनेक्शन हजाराचं शंभरावर उतरलं, तेही धड नाही, पण दिवा आपला लुकलुकतोय. पुरती तुटली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"माझ्या भाच्याच्या पतसंस्थेत उलटंच झालेलं. साफसफाईत कुणाला वायरीचं मोकळं टोक लोंबताना दिसलं. दिलं खोचून त्याच डबीत, नीटनेटकं! दोन्ही टोकं एकाच ठिकाणी. सगळे दिवे वेड्यासारखे, आणि काउंटर बंद."

"लूप म्हणतात त्याला. तोच निरोप गोल गोल फिरत राहतो. गंमत म्हणजे त्यावर उपाय शोधला तो एका बाईनं, रॅडिया पर्लमन नाव, १९८५ साली. शोधनिबंधात त्यावर कवितासुद्धा केलीय म्हणे. पण स्वस्तातल्या डबीत तो उपाय नसतो."

"बाईनं ना? वाटलंच. मग आता सगळं सुरळीत?"

"वायर बदलली नि टॅली पळायला लागली. तरी रोज अकराला सगळे दमायचे. अँटिव्हायरसचं फुल स्कॅन कुणीतरी पाचही मशिनींवर अकराचंच लावून ठेवलेलं! ते जेवणाच्या सुट्टीत ढकललं. आणि ती नवीन मुलगी आहे ना, तिचं मशीन मात्र खरंच मंद. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. तिथे एसएसडी बसवली."

"म्हणजे त्या कोटेशनवाल्याचं सगळंच खोटं."

"तसंही नाही हो. दोन बदलावेच लागतील. ते इतके जुने आहेत की विंडोज ११ त्यांना चालतच नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. लोकांची पॅन, बँकेचे खातेउतारे त्यावर ठेवायचे म्हणजे जिवाला घोर."

"मग नवीन दोन कुणाला?"

"एक साहेबांना. त्यांना फक्त मेल बघायचे असतात, पण साहेब ना! दुसरा माझा. कोटेशनवर मी पेन्सिलीनं तसं लिहूनही ठेवलंय."